वादळवारा आणि घरचे पाणी
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात माझ्यापूर्वी शिक्षण, विवाहप्रश्न आणि ज्ञातीचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्यामागून नळ, टाकी, मोरी आणि शौचकूप यांविषयी बोलावयास उभे राहणे म्हणजे मेजवानीच्या शेवटी भांडी घासण्याची गोष्ट काढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु भांडी कोणीतरी घासावीच लागतात. शिवाय चिटणीसांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि गेल्या काही वर्षांत आपल्या किनाऱ्यावर जे घडले ते पाहता मला याहून निकडीचा विषय सुचला नाही. मी अभियंता नव्हे. मॅट्रिक होऊन पुढे सारी हयात प्राथमिक शाळेत गणित आणि सामान्य विज्ञान शिकविले, एवढेच माझे भांडवल. त्यामुळे जे सांगेन ते सातवीच्या मुलास समजेल इतपतच असेल.

आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरे रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत आहेत. पोटापाण्यासाठी मुंबई, ठाणे, पुणे येथे बिऱ्हाडे झाली, तरी गणपतीस आणि शिमग्यास आपण गावी जातोच. पश्चिम समुद्र पूर्वेकडील समुद्राच्या मानाने शांत, तिकडे आंध्र-ओरिसात वादळे होतात, आपल्याकडे नुसता पाऊस पडतो, अशी एक समजूत आपल्यात पिढ्यानपिढ्या चालत आली होती. तिला अपवाद नव्हते असे नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईस वादळाने झोडपले होते, त्याच्या आठवणी आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. 2009 च्या नोव्हेंबरात 'फयान' येऊन गेले. परंतु ती समजूत खऱ्या अर्थाने मोडली ती 3 जून 2020 रोजी. मृग लागण्यास अद्याप चार दिवस होते, वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, आणि भर दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या टापूत वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या पलीकडे गेला. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, 'तौक्ते' वादळ सारा कोंकण किनारा चाटीत गुजराथेकडे गेले. आणि त्याच वर्षीच्या 22 जुलै रोजी वाशिष्ठीने चिपळूण व सावित्रीने महाड पाण्याखाली घातले.

या आपत्तींत कौले उडाली, सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, त्याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले. जे फारसे लिहून आले नाही ते हे की, वादळ तीन-चार तासांत निघून गेले, पण त्यानंतरचे कित्येक दिवस घरोघरच्या मंडळींचा खरा झगडा चालला होता तो पाण्याशी. विजेचे खांब मुळापासून उपटले गेले होते आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकीत पाणी नाही, आणि मुळात पुष्कळांच्या छपरावर टाकीच उरली नव्हती. विहीर अंगणात भरलेली आहे, जून महिना आहे, आभाळातून पाणी कोसळते आहे, आणि घरातील म्हातारी माणसे एका घागरीसाठी अडून बसली आहेत, असा विपरीत देखावा मी त्या दिवसांत स्वतः पाहिला आहे. याचे कारण असे की, गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण विहिरीवरचा रहाट काढला, दोर-पोहरा माळ्यावर टाकला, विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी ठोकून बसविली आणि सारी भिस्त एका बटणावर ठेविली. ज्या घरी पोहरा आणि धड दोर शाबूत होता त्या घरच्या विहिरीवर सारी वाडी लोटली. त्या वेळी कोणाची कोणती ज्ञाती हा प्रश्न कोणी काढला नाही, हे ज्ञातिसभेच्या व्यासपीठावरून मी मुद्दाम सांगतो. ज्या महाडात 1927 साली माणसांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ते महाड आपल्यापासून दूर नाही.

आता टाकीपासून आरंभ करू. आपल्या छपरांवर आजकाल काळ्या किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या टाक्या बसविलेल्या असतात. 1,000 लिटरची टाकी भरलेली असली म्हणजे तीत 1,000 किलो पाणी असते. तीच रिकामी असली तर दोन माणसे सहज उचलतात. वाऱ्याच्या दाबाचा नियम असा आहे की, वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट न होता चौपट होतो. ताशी 50 किलोमीटरच्या वाऱ्यात टाकी हलली नाही, म्हणून 100 च्या वाऱ्यात ती टिकेल असे समजणाऱ्याने हा वर्ग विसरू नये. ताशी 100 किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या सपाट पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 46-47 किलो वजनाइतका दाब देतो. टाकी गोल असल्यामुळे त्यातील काही दाब बाजूने वळून जातो, हे खरे. तथापि जो उरतो तो रिकाम्या टाकीस जागेवरून हलविण्यास पुरेसा असतो. झोत याहून जोराचा असतो, हा भाग निराळाच. एकदा टाकी हलली की तिला जोडलेले नळ प्रथम तुटतात, मग ती घरंगळते, आणि शेवटी शेजाऱ्याच्या कौलांवर किंवा माणसांवर जाऊन पडते.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. हवामान खात्याचा इशारा मिळताच, वीज चालू आहे तोवर, टाकी काठोकाठ भरून घ्यावी. हेच पाणी पुढे वीज नसताना कामास येते, म्हणजे एका कृतीत दोन कामे होतात. टाकी भरल्यावर तिच्या खालच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करावा. हा मुद्दा लोक हटकून विसरतात. वादळात फांदी पडून खालचा एखादा नळ फुटला आणि वरचा व्हॉल्व्ह उघडा असला, तर जपून भरलेले 1,000 लिटर पाणी अर्ध्या तासात अंगणात वाहून जाते आणि त्याचा पत्ताही कोणास लागत नाही. टाकीच्या तोंडाशी व्हॉल्व्हच नसेल, तर तो पावसाळ्यापूर्वी बसवून घ्यावा. त्याला लागूनच एक युनियन असावी, म्हणजे टाकी उतरविण्याची पाळी आली तर नळ कापावा लागत नाही. झाकण दोरीने किंवा तारेने बांधावे. झाकण उडाले की पाला, पक्ष्यांची विष्ठा आणि किनाऱ्यालगतच्या घरी खारे तुषार, सारे टाकीत जाते.

टाकी ज्यावर ठेवली आहे तो चौथरा किंवा लोखंडी घोडा मात्र आधी पाहून घ्यावा. खाऱ्या हवेने लोखंडाचे पाय बुडापाशी कसे पोखरले जातात हे किनाऱ्यावरच्या माणसास सांगावयास नको. कुजक्या घोड्यावर एक टन पाणी चढवून त्यास वादळात उभे करणे हे रिकाम्या टाकीपेक्षाही भयंकर. अशा वेळी टाकी खाली उतरवून पडवीत, जमिनीवर भरून ठेवावी. चांगल्या चौथऱ्यावरील टाकीसही दोन बाजूंनी पट्टे किंवा जाड दोर घालून स्लॅबमधील कड्यांना बांधणे श्रेयस्कर. दोर कौलारू घराच्या वाशाला बांधू नये. वादळात प्रथम वासाच उडतो.

टाकीपासून खाली येणारे जे उभे नळ भिंतीच्या बाहेरून उतरतात, त्यांच्याकडे आपण सहसा पाहत नाही. प्लास्टिकचा नळ वर्षानुवर्षे उन्हात राहिला की ठिसूळ होतो, त्याचा रंग उडून तो खडूसारखा दिसू लागतो; मग एखादा नारळ पडला तरी तो फुटतो. त्यास रंगाचा हात दिला तर तो अधिक काळ टिकतो. चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेले क्लँप पावसाळ्यागणिक सैल होत जातात, कारण जांभा दगड खिळ्याभोवती झिजतो. क्लँप सैल झाला की वाऱ्याने नळ थरथरतो आणि सांध्याशी तुटतो. वैशाखात एक सकाळ काढून प्रत्येक क्लँप हाताने हलवून पाहावा, एवढेच या बाबतीत सांगावयाचे. जमिनीत पुरलेल्या नळांस झाडांपासून धोका असतो, हे निसर्ग वादळाने दाखवून दिले. झाड उन्मळून पडते तेव्हा त्याची मुळे मातीचा गड्डा वर उचलतात आणि त्यातून गेलेला नळ दोरीप्रमाणे तोडतात. म्हणून वाडीतून नळ न्यावयाचा असेल तर माडापोफळींच्या ओळीमधून न नेता गडग्याच्या कडेने न्यावा, अंतर थोडे वाढले तरी चालेल.

आता पंपाविषयी. वादळाचा इशारा असेल तेव्हा टाकी भरून झाल्यावर पंपाचा मुख्य स्विच बंद करून टाकावा. वीज वारंवार जाते-येते, दाब कमी-अधिक होतो, आणि मोटार जळते. नदीकाठच्या घरी पुराचे भय असेल तर मोनोब्लॉक पंप सोडवून उंच जागी ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. भिजलेली मोटार पुन्हा भरून घेणे मात्र आठवड्याचे, कारण पुरानंतर साऱ्या गावाच्या मोटारी एकाच दुकानात येऊन पडलेल्या असतात. जो पंप पाण्याखाली गेला तो वायरमनने सुकवून, तपासून दिल्याशिवाय कधीही चालू करू नये. येथे आणखी एक गोष्ट आहे, जी जुन्या घरांना लागू पडते. पूर्वी विजेचे अर्थिंग लोखंडी पाण्याच्या नळास जोडण्याची पद्धत होती. पुढे त्या नळाचा एखादा तुकडा गंजला म्हणून मधल्यामध्ये प्लास्टिकचा नळ जोडला गेला. नळाचे काम भागले, परंतु अर्थिंग तेथेच तुटले, आणि घरातील कोणास ते कळलेही नाही. ओल्या भिंतीच्या घरात हा अपघात वाट पाहत बसलेला असतो. आपापल्या घरी गेल्यावर हे अवश्य तपासून घ्यावे.

विजेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. वळिवाच्या दिवसांत विजा कडाडत असता नळाखाली स्नान करू नये, भांडी घासू नयेत. धातूचे नळ आणि त्यातील पाणी हे विजेचे वाहक आहेत. घरावर किंवा घराजवळ वीज पडली तर ती नळावाटे मोरीपर्यंत येऊ शकते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे, ते आपल्या परिसरातील विजेची सूचना देते. तरुण मंडळींनी ते घरातील वडिलांच्या फोनवर घालून द्यावे. आपण दिवसभर त्या यंत्रावर ज्या गोष्टी पाहत बसतो त्यांच्यापेक्षा ही निश्चित उपयोगाची आहे.

छपरावरील सौर बंब हल्ली पुष्कळांकडे आहेत. त्यांच्या काचेच्या नळ्या फुटल्या तर वरच्या टाकीतील पाणी त्या बंबावाटे वाहून जाते. म्हणून बंबाकडे जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह वादळापूर्वी बंद असावा. घरातील गीझरही बंद करावा, आणि पाणी पुन्हा नीट सुरू झाल्याखेरीज तो लावू नये.

मोरीकडे वळण्यापूर्वी थोडे गणित करू. 1 मिलिमीटर पाऊस 1 चौरस मीटर जागेवर पडला की बरोबर 1 लिटर पाणी होते. 100 चौरस मीटर छपराच्या घरावर एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोंकणात तो आश्चर्याचा नाही, तर एका छपरावरून 10,000 लिटर पाणी खाली येते. मुंबईस सांताक्रूझ येथे 26 जुलै 2005 रोजी चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या हिशेबाने अशाच छपरावरून 94,400 लिटर झाले. हे पाणी पन्हळींतून अंगणात आणि अंगणातून व्हाळात गेले तर ठीक. परंतु अलीकडे नव्या बांधकामांत पन्हळीचा उभा नळ मोरीच्या नळास जोडून देण्याची एक आळशी रीत पडली आहे. प्लंबरचे दोन सांधे वाचतात, पण पहिल्या मोठ्या पावसात ते सारे पाणी शौचकूपाच्या टाकीत घुसते आणि तेथील घाण उलट न्हाणीघरात येते. छपराचे पाणी आणि मोरीचे पाणी यांची सोयरीक कधीही करू नये. पन्हळीत साठलेला पाला मेअखेर काढावा, आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा काढावा, कारण उन्हाळ्याचा उरलासुरला पाचोळा त्या वेळी उतरतो.

घाण पाणी उलटे येण्याचा प्रकार शहरातील तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांस अधिक भोवतो. बाहेरील गटार भरले की पाणी समपातळीच्या नियमाने नळावाटे घरात शिरते, आणि घरातील सर्वांत खालचे तोंड म्हणजे नहाणी ट्रॅप किंवा शौचालयाचे भांडे असते. दार कितीही बंद केले तरी हे पाणी आतूनच वर येते. यास कायमचा उपाय म्हणजे बाहेर जाणाऱ्या मुख्य नळावर एका दिशेनेच उघडणारी झडप बसविणे. ती वर्षातून एकदा उघडून साफ करावी लागते, अन्यथा केस आणि कचरा अडकून ती अर्धवट उघडी राहते आणि ऐन वेळी उपयोगी पडत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत वाळू किंवा माती भरून ती शौचालयाच्या भांड्यात आणि नहाणीच्या तोंडावर घट्ट दाबून ठेवणे. हे गावठी दिसते खरे, पण पुराची पातळी फार नसेल तर त्याने निभावते. मात्र अशा वेळी घरातूनही पाणी सोडू नये, कारण त्यास बाहेर जावयास वाट नसते.

शौचकूपाच्या टाकीविषयी एक मोठा गैरसमज आहे. वादळ येणार म्हणून ती आधी उपसून रिकामी करून घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी मावेल, असे अनेकांस वाटते. येथे आर्किमिडीजचे स्मरण करावे. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशी टाकी 3 घनमीटर जागा व्यापते. जमीन पाण्याने तुडुंब भरली की ते पाणी या टाकीस 3,000 किलोच्या बलाने वर ढकलू लागते. टाकी भरलेली असेल तर आतील वजन तिला धरून ठेवते. रिकामी असेल तर प्लास्टिकची तयार टाकी नळ तोडून जमिनीतून वर येते, आणि विटांची जड असली तरी तिची भिंत आत ढासळण्याचे भय असते. तेव्हा उपसा करावयाचा तो कोरड्या दिवसांत, आणि लगेच तीत पाणी सोडून ती भरून घ्यावयाची. पुरानंतरही भोवतालची जमीन निथळेपर्यंत उपसा करू नये. हाच नियम विहिरीस लागू आहे. पुराने भरलेली विहीर मोठे इंजिन लावून एका दिवसात तळापर्यंत उपसली, तर भोवतालच्या ओल्या मातीच्या रेट्याने जुने दगडी बांधकाम कोसळू शकते. हळूहळू, दिवसाआड उपसावी.

समुद्रालगतच्या विहिरींत उधाणाचे पाणी शिरले तर प्रश्न निराळा. ब्लीचिंग पावडरने किंवा उकळण्याने खारटपणा जात नाही. उकळण्याने तो उलट वाढतो. त्यास औषध एकच, थोडेथोडे उपसत राहणे आणि पावसाच्या गोड्या पाण्यास आत झिरपू देणे. घाईने जोराचा उपसा केला तर खालचे खारे पाणी वर ओढले जाते, आणि विहीर होती त्याहून बिघडते.

माझ्या मते साऱ्यांत महत्त्वाची गोष्ट पुराने बाटलेल्या पाण्याची आहे, कारण नळ फुटला तर पैसे जातात, पण घाण पाण्याने माणसे जातात. 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले, हे आपल्यास स्मरत असेल. पूर ओसरल्यावर नळाचे पहिले पाणी कधीही पिऊ नये. नळात दाब नसतो तेव्हा गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि नळ सुरू होताच तीच प्रथम आपल्या हंड्यात येते. चाळीत किंवा इमारतीत भूमिगत टाकी असेल तर तिचे झाकण जमिनीच्या पातळीत असणे हा दोष समजावा. तिच्या तोंडास निदान अंगणात पूर्वी चढलेल्या पाण्याच्या वर येईल एवढा कठडा बांधून घ्यावा. पुराचे पाणी टाकीत गेले असेल, तर ती पूर्ण रिकामी करून, घासून, जंतुनाशक द्रावणाने धुऊनच पुन्हा भरावी.

विहिरीसाठी टीसीएल पावडर ग्रामपंचायतीत मिळते, आणि जलसुरक्षक ती टाकूनही देतो. पण वादळानंतर तो एकटा किती घरी पोहोचणार? म्हणून ही रीत प्रत्येकास यावी. विहिरीच्या व्यासाचा वर्ग करून त्यास पाण्याच्या खोलीने गुणावे, आलेल्या संख्येस 3.14 ने गुणून 4 ने भागावे, म्हणजे घनमीटर मिळतात. व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल तर 28.26 घनमीटर, म्हणजे 28,260 लिटर. चांगल्या प्रतीची पावडर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात घेतली तर सुमारे 71 ग्रॅम लागेल. हे प्रमाण साध्या स्वच्छ विहिरीचे आहे. पुराच्या गढूळ पाण्यास अधिक लागते, ते किती हे आरोग्य सेवकाकडून तपासून घ्यावे. पावडर बादलीत घेऊन थोड्या पाण्याने तिची लापशी करावी, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे आणि पाचदहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी चुना बसतो. तो विहिरीत टाकावयाचा नसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून, ती बादली दोराने विहिरीत सोडून खालीवर हिसडावी, म्हणजे औषध सर्वत्र मिसळते. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नये. शिळी, ओलावलेली पावडर निकामी असते. डब्याचे झाकण उघडे राहिले की तिचे सत्त्व उडून जाते, म्हणून गेल्या वर्षीच्या पिशवीवर विश्वास ठेवू नये. तुरटी फिरविल्याने पाणी निवळते, पण जंतू मरत नाहीत. तुरटीनंतरही पाणी खळखळा उकळावेच लागते. आणि विहिरीपासून शौचकूपाचा शोषखड्डा निदान 15 मीटर, म्हणजे सुमारे 50 फूट, दूर असावा असा दंडक आहे. आपला जांभा सच्छिद्र आणि भेगांचा असल्यामुळे याहून अधिक अंतर मिळाले तर घ्यावे.

साठ्याचा हिशेब गृहिणींना माझ्यापेक्षा चांगला कळतो, तरी आकडा सांगून ठेवतो. आपत्तीच्या काळात पिणे, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता यांसाठी माणशी दररोज निदान 15 लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घरास आठवड्यास 525 लिटर लागले. म्हणजे भरलेली, व्हॉल्व्ह बंद असलेली एक टाकी काटकसरीने दोन आठवड्यांचा आधार आहे. आणि विहिरीवरील जाळीला एक बिजागरीचे दार करून, कप्पी, दोर आणि पोहरा पुन्हा जागेवर आणावा. हा खर्च एका माणसाच्या मुंबई-श्रीवर्धन जाण्यायेण्याच्या खर्चाहून फारसा अधिक नाही.

आता शेवटचा विषय, आणि तो आपल्या सभेच्या अखत्यारीतला आहे. गावी आपली कित्येक घरे वर्षातील दहा महिने बंद असतात. मे महिन्याची सुट्टी संपली की आपण टाकी रिकामी करतो, व्हॉल्व्ह उघडे ठेवतो, कुलूप लावतो आणि मुंबईस येतो. म्हणजे नेमक्या जूनच्या तोंडावर छपरावर रिकामी टाकी उभी असते. 2020 च्या जूनमध्ये तर टाळेबंदीमुळे कोणास गावी जाता येत नव्हते. उडालेल्या टाक्यांपैकी कित्येक अशा बंद घरांच्या होत्या, आणि त्या पडल्या त्या शेजारच्या राहत्या घरांवर. बंद घराची टाकी एक तर भरून, व्हॉल्व्ह लावून, झाकण बांधून ठेवावी, अथवा उतरवून पडवीत आडवी ठेवावी. भरलेल्या टाकीचे पाणी परत आल्यावर ओतून टाकावे, आणि तीत डास शिरू नयेत म्हणून बाहेर निघणाऱ्या नळाच्या तोंडास जाळी बांधावी. नहाणी ट्रॅपमधील पाणी बंद घरात सुकून जाते आणि गटाराचा वास व झुरळे घरात येतात. निघताना त्यात पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल सोडले तर ते बरेच दिवस टिकते.

परंतु मालक शंभर कोसांवर असता इशारा आल्यावर हे कोण करणार? म्हणून माझी सूचना अशी आहे की, ज्ञातिसभेने गावनिहाय एक वही ठेवावी. बंद घर कोणाचे, किल्ली कोणाकडे, टाकी कोठे, तिचा व्हॉल्व्ह कोणत्या बाजूस, विजेचा मुख्य स्विच कोठे, आणि शेजारी ज्याने हे काम करावयाचे त्याचा दूरध्वनी क्रमांक, इतके त्यात असावे. तो शेजारी आपल्या ज्ञातीचाच असावा असा आग्रह धरू नये. जो जवळ आहे आणि ज्याला शिडी चढता येते तो चालेल. त्याला वर्षाकाठी काही मानधन द्यावे, फुकटच्या उपकारावर ही व्यवस्था टिकत नाही. वहीचे रकाने मी आखून आणले आहेत आणि कार्यकारी मंडळाने ती ठेवून घेण्यास संमती दिली आहे. चहापानाच्या वेळी ती दाराशेजारच्या मेजावर असेल. श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांची पाने पहिली आहेत, त्यामागे मंडणगड आणि दापोली. ज्यांना आपल्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणत्या बाजूस आहे हे येथे बसून आठवणार नाही, त्यांनी तो रकाना कोरा सोडावा आणि गणपतीस गेल्यावर पाहून कळवावे.